जिल्हा बाल संरक्षण कक्षात नवे आहात? केस हातात आल्यापासून बंद होईपर्यंत काय करायचं

समाजकार्याचं शिक्षण संपवून बाल संरक्षण कक्षात येणारा नवा माणूस बहुधा एक चित्र डोक्यात घेऊन येतो: वाईट घर, त्यात अडकलेलं मूल, आणि त्याला उचलून बालगृहात पोचवणारे आपण. हे चित्र पहिल्याच महिन्यात पुसलेलं बरं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या तिसऱ्या कलमात जी तत्त्वं दिली आहेत त्यांत मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची धरली आहे आणि संस्था हा अगदी शेवटचा उपाय मानला आहे. त्यामुळे प्रत्येक केसमध्ये तुम्हाला एकच प्रश्न सोडवायचा असतो: हे मूल कोणापाशी राहू शकतं? पुढचं सगळं, म्हणजे गृहभेट, अहवाल, समितीपुढची हजेरी, या प्रश्नासाठीच आहे.

आधी आपली जागा समजून घ्या

कक्ष जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालतो. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेतल्या पदांपैकी संस्थात्मक आणि संस्थाबाह्य काळजीचे संरक्षण अधिकारी, विधी तथा परिवीक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते आणि क्षेत्रीय कार्यकर्ते ही तुमची रोजची माणसं. बहुतेक नेमणुका कंत्राटी, पगार बेताचा, आणि प्रवासभत्त्याचं बिल मंजूर होईपर्यंत दिवाळी येऊन गेलेली असते. तेव्हा पहिल्या दिवसापासून तिकिटं जपून ठेवा.

मुलाबद्दलचा निर्णय तुमचा नसतो. तो बाल कल्याण समितीचा. अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक महिला, आणि समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार. गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल असेल तर ते बाल न्याय मंडळापुढे जातं, ती वाट वेगळी. तुम्ही तपासता, कागद मांडता, शिफारस करता. आईबापांसमोर "मुलाला घेऊन जाऊ" अशी दमदाटी करण्याचा अधिकार तुम्हाला कोणीही दिलेला नाही. दिला असता तरी उपयोग नव्हता, कारण धमकी ऐकल्यावर घर बंद होतं आणि पुन्हा कोणी खरं बोलत नाही.

पहिल्या आठवड्यात फायली वाचण्याइतकंच माणसांना भेटणं महत्त्वाचं. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. तो कोण हे बऱ्याचदा ठाण्यातल्या ठाणे अंमलदारालाही ठाऊक नसतं, म्हणून स्वतः जाऊन शोधा. सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका, तालुक्याचे बालविकास प्रकल्प अधिकारी, जवळच्या मोठ्या स्टेशनवरचे रेल्वे सुरक्षा दलाचे लोक, बालगृहाचे अधीक्षक, या सगळ्यांचे नंबर वहीत लिहून ठेवा. मोबाइल नेमका रात्री अकराला बंद पडतो.

फोन आल्यावर

निरोप बहुतेक वेळा १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवरून येतो. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाज विज्ञान संस्थेतल्या एका प्रकल्पातून सुरू झाली. वर्षानुवर्षं स्वयंसेवी संस्था ती चालवत होत्या, २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेकडे आली आणि ११२ शी जोडली गेली. याशिवाय शिक्षक, पोलीस पाटील, आशाताई, कधी शेजारीण थेट तुम्हालाच फोन करते.

फोनवर चारच गोष्टी विचारा. मूल आत्ता कुठे आहे? कोणाबरोबर आहे? आज त्याच्या जिवाला किंवा शरीराला धोका आहे का? रात्री कुठे झोपणार? फोन करणाऱ्याचं नाव मागून त्याला घाबरवू नका, त्याने दिलं तर घ्या आणि कोणालाही सांगू नका. गावात ते नाव फुटलं की त्या गावातून पुन्हा फोन येणार नाही.

मूल जखमी असेल, एकटं सापडलं असेल, त्रास देणारा माणूस त्याच घरात राहत असेल किंवा लग्न आजच असेल तर ताबडतोब निघा. मूल ताब्यात घेतलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्याला समितीपुढे नेणं बंधनकारक आहे. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं, त्यामुळे "आज सुट्टी होती" हे कारण चालत नाही. मुलीला नेताना बरोबर महिला हवीच. मुलाला स्वतःच्या घरी ठेवायचं नाही, कितीही रात्र झाली आणि कितीही दया आली तरी.

बाकीच्या तक्रारींत घाई उपयोगाची नाही. आधी शाळेतून हजेरी घ्या, अंगणवाडीतून वजनाच्या नोंदी घ्या, मग घरी जा. हातात काही नसताना गेलात तर घरच्यांनी सांगितलेलं सगळं खरंच वाटतं.

गृहभेट

सगळी केस इथे उभी राहते किंवा कोसळते.

"महाराष्ट्र शासन" लिहिलेली गाडी दारात नेऊ नका. एस.टी. स्टँडपाशी किंवा शाळेपाशी सोडा आणि चालत जा. चावडीवर पाच माणसांत "अमक्याचं घर कुठलं" असं विचारलंत तर तुम्ही पोचायच्या आधी बातमी पोचते, आणि संध्याकाळपर्यंत त्या मुलाला घरी जाब द्यावा लागतो. अंगणवाडी सेविकेला बरोबर घेणं सोयीचं असतं. ग्राम बाल संरक्षण समितीत सरपंच, पोलीस पाटील यांच्याबरोबर तीही असते. पण आधी विचारा, ती या घराची नात्यातली आहे का? आमच्याकडच्या गावांत अर्धं गाव कोणाचं ना कोणाचं भावकीत निघतं. पोलीस पाटलांनाही हेच लागू.

वेळ कामाच्या हिशेबाने ठरवा, कार्यालयाच्या नव्हे. बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर गेलात तर अनेक दारांना कुलूप आणि उरलेल्या घरांत आजी व दोनतीन नातवंडं भेटतील. आईबाप कोयत्याने कारखान्यावर गेलेले, ते मार्च-एप्रिलला परतणार. अशा घराबद्दल "पालकांनी मुलांना वाऱ्यावर सोडलं" असं लिहिणारा कार्यकर्ता कामाला नालायक. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटल्याशिवाय त्यांना परत येता येत नाही, आणि मुलांची शाळा बुडू नये म्हणूनच कित्येकांनी त्यांना आजीपाशी ठेवलेलं असतं. पालघरमध्ये वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचंही असंच. गरिबी आणि हेळसांड यांतला फरक ओळखायला शिकणं हे या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम आहे असं माझं मत आहे. घरात काय नाही याच्या यादीवरून हा फरक कळत नाही. घरात जे थोडं आहे त्यातलं मुलाच्या वाट्याला किती येतं, त्यावरून कळतो. एकाच घरात धाकट्याच्या पायात चप्पल आणि सावत्र मुलगी अनवाणी, हे दिसलं तर थांबून बघा.

आत गेल्यावर पाणी दिलं तर प्या. जमिनीवर बसा. वही लगेच काढू नका. डोळ्यांनी बघायच्या गोष्टी अशा: कोण कुठे झोपतं, दाराला आतून कडी आहे का, दप्तर कुठे टांगलंय आणि त्यातली पुस्तकं या वर्षीची आहेत का, चुलीजवळ काय शिजतंय, मुलगी पाणी किती लांबून आणते, मूल वडिलांच्या आवाजाने दचकतं का. दारूचा प्रश्न असेल तर घरात विचारू नका, दुकानदाराकडून आपोआप कळतं. रेशनकार्ड मात्र बघायला मागा. त्यावरची नावं आणि घरात दिसणारी माणसं जुळत नसतील तर पुढचे प्रश्न तिथूनच सुचतात.

मग नात्यांचा नकाशा काढा. आजी दोन्हीकडची, मामा, मावशी, आत्या, काका, मोठी लग्न झालेली बहीण. आईने दुसरं लग्न केलं असेल तर पहिल्या घरचं मूल बहुधा आजीकडे राहिलेलं असतं, आणि ती आजी ते मूल प्रेमाने सांभाळत असते पण तिच्या स्वतःच्या औषधाला पैसे नसतात. अशा ठिकाणी मुलाला हलवायची काही गरज नसते, आजीला आधार लागतो. उलट एखादा काका अचानक फार मायेने पुढे आला तर सातबारा बघा. मुलाच्या नावावर बापाची जमीन किंवा बँकेत ठेव असेल, तर ती माया कशाची हे तपासणं तुमचंच काम. कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाखांच्या ठेवी ठेवल्या. तशा केसमध्ये ताबा मागणाऱ्या नातेवाइकाला दोनदा भेटा, त्यातली एक भेट न सांगता.

शेजाऱ्यांशी, शिक्षकांशी स्वतंत्रपणे बोला. वर्गशिक्षकाला "मूल कसं आहे?" विचारलं तर "चांगलं आहे" एवढंच उत्तर येईल. "सोमवारी येतं का? डबा खातं की शाळेतल्या खिचडीची वाट बघतं? सुट्टी लागणार म्हटल्यावर कसं वागतं?" असं विचारा.

मुलाशी बोलताना

आईबापांसमोर नाही, पण बंद खोलीतही नाही. अंगणाच्या कोपऱ्यात, शाळेच्या वऱ्हांड्यात, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी. शेळीला करडं किती झाली इथून सुरुवात केली तरी चालते. मूल गप्प राहिलं तर तेही चालतं, दुसऱ्या भेटीत बोलेल.

दोन आश्वासनं कधीच देऊ नका: "मी कोणाला सांगणार नाही" आणि "उद्या घरी सोडतो". पहिलं कायद्याने पाळता येत नाही, दुसरं तुमच्या हातात नाही.

मूल अहिराणी, कोरकू, भिल्ली, गोंडी किंवा गोरमाटी बोलत असेल तर दुभाषा शोधा, आणि तो घरातला नको. जे बोललं ते त्याच्याच शब्दांत टिपा. "पप्पा रात्री पट्ट्याने मारतात, मी कणगीमागं लपते" हे वाक्य जसंच्या तसं हवं. त्याचं "बालिकेस शारीरिक इजा केली जाते" करून टाकलंत की त्यातला पुरावा गेला.

लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर तपशील विचारत बसू नका. काय घडलं, कोणी केलं, एवढं मुलाने आपणहून सांगितलं की पुरे. तेच पाच जणांनी पाच वेळा विचारलं की मूल दर वेळी थोडं वेगळं सांगतं, आणि बचावाचा वकील तेवढ्यावरच उलटतपासणी करतो. पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाखाली पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. घरचे "बदनामी होईल, आपसांत मिटवू" म्हणतील, त्यांच्यावर चिडू नका पण थांबूही नका. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. हे ठाण्यात कोणी विसरलं तर शांतपणे आठवण करून द्या. पोलिसांनी २४ तासांत समितीला कळवलं की समिती मुलासाठी साहाय्यक व्यक्ती नेमू शकते. ही व्यक्ती खटला संपेपर्यंत मुलाबरोबर असते. ती लवकर नेमावी म्हणून पाठपुरावा करा. मुलीला दवाखान्यात न्यायला, कपड्यांना, खाण्याला तातडीची मदत देण्याची शिफारसही समिती करू शकते. हे अनेक घरांना कोणी सांगतच नाही.

वयाचा कागद

मूल अठराच्या आत आहे का यावर सगळं अवलंबून, आणि वकील सगळ्यात आधी इथेच हात घालतात. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. आधारकार्ड दाखवून काम भागत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्यानिशी घ्या. त्यात जन्मतारीख १ जून असेल तर हसू नका. गुरुजींनी पोराला शाळेत बसवण्यासाठी ती तारीख घातलेली असते, आणि अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या दिवशी येतो. तरी कागद तोच आधी धरला जातो.

अहवाल

कार्यालयात सगळे त्याला "एसआयआर" म्हणतात, म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलासाठी नमुना २२. समितीने आदेश दिल्यापासून तो १५ दिवसांत द्यायचा, कारण समितीला मूल पहिल्यांदा हजर झाल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश करायचा असतो. तुम्ही महिना लावलात तर मूल तो महिना बालगृहात काढतं. उशिराची किंमत तुम्हाला मोजावी लागत नाही, म्हणून तो सहज होतो.

लिहिताना तीन थर वेगळे ठेवा: मी पाहिलं, मला अमक्याने सांगितलं, माझं मत. "आई बेजबाबदार आहे" हे मत, आणि त्याला आधार नसेल तर सदस्य बाजूला ठेवतील. "सकाळी साडेदहाला दोन वर्षांचं मूल घरात एकटं होतं, दाराला बाहेरून कडी, शेजारणीच्या सांगण्याप्रमाणे आई पहाटे सहाला कांदा काढणीला जाते" हे लिहा. आता वाचणाऱ्याला दिसतं की पाळणाघर मिळालं तर हा प्रश्न सुटेल.

चांगल्या बाजूही लिहा. आईबापांच्या विरोधात जे जे मिळालं तेवढंच गोळा केलेला अहवाल वाचायला जोरदार वाटतो पण समितीला त्याचा उपयोग होत नाही, कारण मूल शेवटी याच लोकांकडे परतण्याची शक्यता असते. मुलाचं स्वतःचं म्हणणं वेगळ्या परिच्छेदात द्या, ते तुमच्या शिफारशीच्या उलट असलं तरी. आणि शिफारस करताना एकच पर्याय देऊ नका. आजीकडे, देखरेखीसह, योजनेच्या मदतीने. ते जमलं नाही तर मामाकडे. तेही नाही तर बालगृह, आणि तेही त्याच्या शाळेजवळचं. जुन्या फायलीतला मजकूर कॉपी-पेस्ट करण्याची सवय कार्यालयात जागोजाग आहे. ती लावून घेऊ नका, एखाद्या दिवशी मुलाच्या अहवालात मुलीचं नाव तसंच राहतं.

समितीपुढे

मुलाला आधी सांगा की आत कोण असेल, काय विचारतील. पोटात काही असू द्या, बैठक लांबते. तुम्हाला विचारल्यावरच बोला, आणि माहीत नसेल तर "तपासून सांगते" म्हणा. आदेशाची प्रत त्याच दिवशी घ्या, पुढची तारीख वहीत आणि घरच्यांच्या हातातल्या चिठ्ठीवर लिहा. आईबापांना आदेश समजेल अशा बोलीत समजावणं राहूनच जातं. बाहेर पडल्यावर दहा मिनिटं त्यालाच द्या.

बालविवाहाचा फोन

हा फोन बहुधा हळदीच्या दिवशीच येतो. पहिलं काम शाळेतून वयाचा पुरावा मिळवणं, कारण मांडवात उभं राहिल्यावर सगळे "पोरगी एकोणीसची" म्हणणार. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. त्याला आणि पोलीस ठाण्याला एकाच वेळी कळवा, एकटे जाऊ नका. आचारी, मंडपवाला, बँडवाला आणि भटजी यांच्याशी आधी बोला. २००६ च्या कायद्याने लग्न लावणारा आणि त्याला मदत करणारा दोघांनाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे कळलं की मांडव लवकर मोकळा होतो. कधीकधी बँडवाला सगळ्यात आधी गाडी काढतो.

हमीपत्र लिहून घेतलं म्हणजे काम झालं असं समजू नका. आठवड्याभरात तेच लग्न मामाच्या गावी किंवा एखाद्या देवळात गुपचूप लागतं. मुलीला समितीपुढे न्या, धोका कायम असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मागा, आणि शाळेला सांगून ठेवा की ती सलग दोन दिवस आली नाही तर फोन करा. लग्नाची घाई कशामुळे होती तेही विचारा. ऊसतोडीला जाताना वयात आलेल्या पोरीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचं ही भीती असेल, तर वसतिगृहात प्रवेश हा हमीपत्रापेक्षा चांगला इलाज.

पैशांची मदत

मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वातून मुलामागे दरमहा ४,००० रुपये मिळू शकतात. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,००० रुपये आहे. राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बाल संगोपन योजना वेगळी, तिच्यात दरमहा २,२५० रुपये. उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँक खातं यांत घरचे लोक थकून जातात. तलाठ्याकडे एकदा तुम्ही स्वतः बरोबर गेलात तर महिन्याचं काम दिवसात होतं. आणि पैसे मिळवून देणाऱ्या एजंटांपासून लोकांना सावध करा, तुमच्या कक्षाच्या दाराबाहेरच ते उभे असतात.

फोटो, बातमी आणि वरून आलेले फोन

मुलाचं नाव, फोटो, शाळा, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुटका केल्यावर पथकाचा फोटो ग्रुपवर टाकायची हौस इथेच सोडा. तोंडावर गोल काढलेला फोटोही नको. वार्ताहर "फक्त गावाचं नाव सांगा" म्हणतो. गाव, वय आणि बापाचा धंदा कळला की गावाला काहीच विचारायचं उरत नाही.

एखादा पुढारी फोन करून "आपलाच माणूस आहे, बघून घ्या" म्हणेल. वाद घालू नका. "साहेब, त्यांना समितीपुढे लेखी अर्ज द्यायला सांगा" एवढं एक वाक्य पुरतं. मग तो फोन, तारीख आणि वेळ टाकून, रोजनिशीत लिहा आणि वरिष्ठांना कळवा. रोजनिशी हा तुमचा बचाव आहे, ती रोजच्या रोज लिहा.

रात्री एखादी केस डोळ्यांपुढून हलत नसेल तर कक्षातल्या समुपदेशकाशी बोला. स्वतःच्या घरच्यांशी बोलायची मुभा नाही, तपशील तर अजिबातच नाही.

घरी सोडल्यानंतर

मूल घरी पोचलं की फाइल कपाटात जाते, आणि नेमकी तेव्हाच केस बिघडते. पहिली भेट पंधरवड्याच्या आत द्या. नंतरच्या भेटी शाळेच्या आणि हंगामाच्या वेळापत्रकाला बांधा: जूनमध्ये नाव घातलं का, दिवाळीनंतर मूल आजीपाशी आहे की फडावर, परीक्षेला बसलं का. वैयक्तिक काळजी आराखड्यात, म्हणजे नमुना ७ मध्ये, जे लिहिलं होतं त्यातलं काय झालं आणि काय नाही, ते प्रत्येक भेटीत टिपा. मूल परत पळून आलं तर त्याला रागावू नका. कुठल्या रस्त्याने आलं, कोणाकडे थांबलं ते विचारा, त्यातून एखादा असा नातेवाईक कळतो ज्याचं नाव आधी कोणी घेतलंच नव्हतं.

केस बंद करायची तर समितीच्या आदेशाने. तुमचं कंत्राट मध्येच संपलं तर फाइल नव्या माणसाला देताना वर एक कागद लावा: मूल कोणाशी बोलतं, कोणाला घाबरतं, घरी कधी गेलं तर कोण भेटतं, शाळेतला कोणता शिक्षक फोन उचलतो. शक्य असेल तर एका भेटीला नव्या माणसाला बरोबर न्या आणि मुलाला सांगा की पुढच्या खेपेला या ताई येतील.